प्रवरा-मुळा खोऱ्यातील दूरस्थ पाणीमापन यंत्रांना भरवशाची मोबाईल डेटा जोडणी मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, अहिल्यानगर

विषय : नदी, कालवा व पर्जन्यमापन केंद्रांसाठी मोबाईल डेटा सेवेची कायमस्वरूपी व्यवस्था करणे.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा 1926 साली पूर्ण झालेल्या सुमारे 11 टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) भंडारदरा धरणात आणि त्याखालील सव्वाआठ टीएमसीच्या निळवंडे धरणात अडवली जात असल्याने तिच्या विसर्गाचा हिशेब धरणाच्या दारांपाशी लागतो. परंतु निळवंड्याच्या खाली आढळा आणि संगमनेर शहरालगत म्हाळुंगी या नद्या तिला येऊन मिळतात, आणि देवठाण व भोजापूर येथील त्यांची लहान धरणे भरून सांडव्यावरून वाहू लागली की ते पाणी कोणाच्याही हातात राहत नाही. त्यातही भोजापूर धरण नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात आहे. म्हणूनच शहरातील नदीकाठच्या वस्तीला वेळेवर इशारा द्यायचा, तर केवळ निळवंड्याच्या विसर्गाचा आकडा पुरत नाही. तिन्ही प्रवाहांची पातळी एकाच वेळी, एकाच ठिकाणी कळावी लागते.

हाच प्रश्न उन्हाळ्यात दुसऱ्या रूपाने उभा राहतो. 31 मे 2023 रोजी निळवंड्याच्या डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी सुटले आणि अनेक दशके वाट पाहणाऱ्या जिरायती गावांपर्यंत आवर्तन पोहोचण्याचा मार्ग खुला झाला. मात्र कालव्याच्या मुखाशी किती पाणी सुटले आणि शेवटच्या चारीला किती मिळाले, याची वेळेसह नोंद नसेल तर तंटा कागदावर मिटत नाही. खालच्या बाजूच्या जायकवाडी धरणात 15 ऑक्टोबरला 65 टक्के साठा नसल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे, या नियमानुसार 2023 मध्ये नाशिक व तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील धरणसमूहांतून 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हाही वाटेत मुरलेल्या पाण्याचा मुद्दा जिव्हाळ्याचा ठरला. अशा वेळी मोजमापावर दोन्ही बाजूंचा विश्वास असणे ही न्यायाची पहिली अट आहे.

असे मोजमाप करणाऱ्या स्वयंचलित केंद्राची रचना साधी असते. पुलाच्या कठड्याला बसवलेला रडार संवेदक पाण्याच्या पृष्ठभागावर लहरी सोडून त्या परतण्याच्या वेळेवरून अंतर, म्हणजेच पातळी, काढतो. शेजारच्या पेटीतील नोंदयंत्र ती साठवते, सौरपत्र्यावर चालणारी बॅटरी वीज पुरवते आणि सिमकार्ड असलेला मोडेम ती नोंद कार्यालयाकडे धाडतो. दर 15 मिनिटांनी एक नोंद धरली तरी दिवसाच्या 96 नोंदी होतात आणि महिन्याचा डेटा काही एमबीच्या पुढे जात नाही. त्यामुळे येथे मोठ्या डेटा पॅकचा किंवा वेगाचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे तो जोडणी अखंड राहण्याचा. पूर येतो त्याच रात्री वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते आणि सर्वांत मोलाची नोंद पेटीतच अडकते.

त्यावरचे उपाय माहितीतले आहेत. माणसाच्या फोनसाठीचे सिम यंत्रात घातल्यास रिचार्ज चुकताच सेवा थांबते. म्हणून ‘यंत्र ते यंत्र’ संवादासाठीचे, 2018 पासून 13 अंकी क्रमांकाने दिले जाणारे सिम वापरावे, त्याचे शुल्क यंत्राच्या देखभाल करारातच पाच वर्षांसाठी आगाऊ धरावे आणि नूतनीकरणाची जबाबदारी एका नामनिर्दिष्ट अधिकाऱ्यावर असावी. एपीएन, म्हणजे मोडेमला कोणत्या दाराने इंटरनेटवर जायचे ते सांगणारे नाव, सिमसोबतच लेखी मिळावे, कारण ते एका अक्षराने चुकले तरी सिग्नल पूर्ण दिसतो आणि नोंद मात्र जात नाही. अशा सिमला बहुधा बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेट पत्ता नसतो, त्यामुळे कार्यालयाने केंद्राला हाक मारण्याऐवजी केंद्रानेच ठरल्या वेळी नोंद पाठवावी आणि जोडणी तुटल्यास ती साठवून नंतर क्रमाने पाठवावी. खासगी कंपन्यांची थ्री-जी सेवा बंद झालेली असल्याने नवीन मोडेम फोर-जीचेच घ्यावेत.

सर्वाधिक काळजी संगमनेर तालुक्याच्या पठार भागाची आहे. बाळेश्वर डोंगररांगेपलीकडे, घारगाव-साकूर पट्ट्यात मुळा नदीचे पात्र खोलगट असल्याने रस्त्यावर फोन लागतो म्हणून नदीतळाशी मोडेम चालेल असे गृहीत धरणे चुकीचे आहे. जागा निश्चित करण्यापूर्वी प्रत्यक्ष पेटीच्या उंचीवर सिग्नलची तीव्रता मोजावी. ती वजा 100 डेसिबल-मिलिवॅटच्या खाली घसरत असल्यास (आकडा जितका अधिक ऋण, तितका सिग्नल क्षीण) उंच खांबावर बाह्य अँटेना द्यावा, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमे ठेवावीत आणि तरीही सेवा न मिळणाऱ्या जागी उपग्रह जोडणी मंजूर करावी.

तरी आपण जलसंपदा, महसूल व कृषी विभाग आणि मोबाईल सेवा कंपन्यांची संयुक्त बैठक संगमनेर येथे बोलवावी, तालुक्यातील सध्याच्या व प्रस्तावित प्रत्येक केंद्राची जोडणी-तपासणी मे अखेरपूर्वी करून घ्यावी, आवर्ती खर्चाची तरतूद जिल्हा वार्षिक योजनेतून शक्य आहे का हे तपासावे, आणि भोजापूरच्या सांडव्याची नोंद नाशिक जिल्हा प्रशासनाकडून संगमनेर तहसील कार्यालयास थेट मिळावी. केंद्रांच्या नोंदी तपासणीनंतर नव्हे, तर मिळताक्षणी, ‘प्राथमिक’ असा शेरा मारून जनतेस पाहता याव्यात, ही या निवेदनातील सर्वांत आग्रहाची मागणी आहे.

निवेदनकर्ते : प्रवरा, म्हाळुंगी व मुळाकाठचे शेतकरी, पाणीवापरकर्ते व रहिवासी, ता. संगमनेर