वीज धावते, उष्णता अडखळते
प्लास्टिकची उष्णतावाहकता साधारण ०.२ वॅट प्रति मीटर केल्विन. तांब्याची ४००च्या घरात. म्हणून प्लास्टिकात उष्णता आणि वीज दोन्ही चांगली वाहून नेणाऱ्या कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळतात. चांगल्या पसरल्या तर वजनाने एक टक्क्याहून कमी नळ्यांतही सलग वाट तयार होते आणि वीज एकदम वाहू लागते. उष्णता मात्र हटून बसते: नळी आणि प्लास्टिक जिथे भिडतात, त्या प्रत्येक सीमेवर तिच्या लहरी विखुरतात. नुसत्या नळ्या वाढवून भागत नाही. मिश्रण इतकं घट्ट होतं की साच्यात उतरत नाही. खरी मेहनत त्या सीमेवरच घ्यायला हवी. त्यासाठी लागणारे दोघेही कोल्हापुरात आहेत: शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचा विभाग आहे, शिरोली-गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत साचेकाम कोळून प्यालेले कारागीर. हे दोघे एकत्र बसावेत, म्हणून या अंकात दोन्हीकडची माणसं लिहिती केली आहेत.