जीव वाचला, हक्काचे काय?

कर्करोगाचा प्रश्न संसदेत वरचेवर उपस्थित होतो आणि मंत्रालयाच्या उत्तरात रुग्णसंख्या, केंद्रे व निधी यांचे तक्ते येतात. स्तन गमावून घरी परतलेल्या स्त्रीचे पुढे काय झाले, हे मात्र त्या तक्त्यांवरून कळत नाही. जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला. त्यांतील अनेकींचा स्तन काढावा लागतो. पाठीच्या वा पोटाच्या ऊतींतून, किंवा सिलिकॉनचे रोपण करून, तो पुन्हा घडवता येतो. ही चैन की उपचाराचाच भाग?

विमा नियामकाने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सौंदर्यशस्त्रक्रियांचा खर्च नाकारण्याची मुभा कंपन्यांना दिली. पण अपघात, भाजणे व कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्यातून वगळली. पॉलिसीधारक नोकरदार कुटुंबासाठी जो उपचार आहे, तो महानगरातील रुग्णालयाबाहेर पदपथावर मुक्काम करणाऱ्या स्त्रीसाठी चैन कसा ठरतो?

२०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण देते. परंतु अडचण केवळ पैशाची नाही. स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर सहसा काही आठवडे किरणोपचार घ्यावे लागतात. यंत्र दूरच्या शहरात असेल, तर रोग प्राथमिक अवस्थेत असूनही, मजुरी बुडू नये म्हणून संपूर्ण स्तन काढणे पत्करले जाते. पुनर्रचना करणारे शल्यविशारद मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. असा पर्याय आहे, हेच अनेकींना कुणी सांगत नाही.

अमेरिकेने १९९८ मध्ये कायदा करून, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनांवर पुनर्रचनेचा खर्चही बंधनकारक केला. तरीही ही माहिती अनेकींपर्यंत, विशेषतः अल्पसंख्य वंशगटांतील स्त्रियांपर्यंत पोहोचेना. म्हणून २०१५ मध्ये रुग्णशिक्षणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. धडा स्पष्ट आहे: सांगितला न गेलेला हक्क कागदावरच राहतो.

प्रत्येकीने पुनर्रचना करून घ्यावी, असे नाही. निवड तिची असावी. त्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी तिच्या भाषेत समुपदेशन हवे आणि शस्त्रक्रिया नको असणारीला कृत्रिम स्तन विनामूल्य मिळायला हवा. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याचे उत्तर येईलच. तरीही पुढच्या अधिवेशनात एखाद्या सदस्याने एवढेच विचारावे: सरकारी खर्चाने किती स्त्रियांचे स्तन काढले, त्यांपैकी कितींना पुनर्रचनेची माहिती दिली आणि कितींना ती प्रत्यक्ष मिळाली? राज्यवार आकडे मागितले, की यंत्रणेला ते गोळा करावे लागतील.