पाठीवरचं ओझं

पावसाळ्यात एखाद्या रविवारी आम्ही ऑफिसातली चार डोकी तांबडी सुर्लाला जातो. कदंबांच्या काळातल्या त्या देवळात महादेवाला नमस्कार करायचा आणि वनखात्याची परवानगी घेऊन रानवाट धरायची.

मागे एकदा आमच्यातल्या एकाने एका दिवसासाठी जाडजूड टॉवेल, दोन जीन्स, मोठी छत्री आणि फरसाणाचे पुडे भरून आणले. शेवाळलेल्या दगडावर त्याचा पाय सरकला. पाठीवरच्या बॅगेने तोल सावरूच दिला नाही. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर.

माझं मत विचाराल तर, पाण्यात काटकसर करू नये. दोन लिटर म्हणजे दोन किलो, ते वजन ठरलेलंच. म्हणूनच बाकीचं सामान कमी करायचं. टॉवेलऐवजी आपला पंचा. पिळला की पुन्हा वापरायला तयार. जीन्स भिजली की शिशासारखी जड होते, त्यापेक्षा पातळ पँट बरी. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी, चार शेंगदाण्याचे लाडू, बँडेज, टॉर्च, शिट्टी. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. झालं!

आणि एक गंमत बघा. एक किलोची भरलेली बाटली कुरकुर न करता वर नेणारी मंडळी तीच बाटली रिकामी झाली की झऱ्याकाठी टाकून येतात. तिचं वजन किती? जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. आपली पाठ हलकी करायला रानावर ओझं का टाकायचं? एवढं तरी परत आणूया.