कितीही ओढतो, पण कोणाच्या जिवावर?



गावोगावच्या बैठकांत एक वाक्य हमखास कानावर पडते. "ट्रॅक्टर काय, कितीही ओढतो!" विकणारा ते सांगतो, घेणारा पारावर बसून तेच अभिमानाने सांगतो. तीन-चार हंगामांनी क्लचप्लेट जळते, गिअर सुटायला लागतात, आणि मग सगळे मिळून ड्रायव्हरला शिव्या देतात. विकणारा तोवर पुढच्या गावी गेलेला असतो.

आमचे म्हणणे असे, की ट्रॅक्टर कितीही ओढत नाही. जादा ओझ्याचे भाडे क्लच आणि गिअरबॉक्स भरतात, आणि त्यांचे बिल तुमच्या कापसातून आणि ज्वारीतून वळते होते. व्यापाऱ्याच्या पट्टीत हमाली दिसते, तोलाई दिसते. क्लच कुठेच दिसत नाही. म्हणून त्याचा हिशोब कोणी मागत नाही.

घाटाचा धडा

हे टिपण आम्ही मुळशीहून लिहीत आहोत. इथे कापूस होत नाही, भात होतो. तुमच्या कोरडवाहू काळ्या रानाशी या डोंगरी, धो-धो पावसाच्या तालुक्याचे काय नाते, असे कोणी विचारील. नाते ओझ्याचे आहे. पिरंगुट, पौड ओलांडून रस्ता मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी घाटात शिरतो आणि कोकणात उतरतो. सपाटीवर जी चूक पाच वर्षे झाकून राहते, ती इथे एका चढावर उघडी पडते.

हिशोब करून पाहा. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माल मिळून वजन ८ टन धरा. चांगल्या सपाट डांबरी रस्त्यावर ते चालते ठेवायला वजनाच्या साधारण २ टक्के, म्हणजे १६० किलोची ओढ पुरते. वीस फुटांत एक फूट चढणारा रस्ता आला, की त्यात ४०० किलोची भर पडते. एकूण ५६० किलो, म्हणजे सपाटीच्या साडेतीनपट.

आता तुमच्या गावी या. परतीचा पाऊस पडून गेला आहे, पाणंदीच्या काळ्या मातीत चाके रुतत आहेत. अशा मऊ जमिनीत ओढ वजनाच्या १० टक्क्यांवर सहज जाते. तेच ८ टन आता ८०० किलो ओढ मागतात. घाटाहूनही जास्त! ज्याच्या शिवारात एक टेकाड नाही, त्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर दर खेपेला घाट चढतो आहे. शहरातून घाट दिसतो, पाणंद दिसत नाही, एवढाच फरक.

शत्रू एकच, उष्णता

क्लच म्हणजे दोन तव्यांमध्ये दाबून धरलेली प्लेट. पूर्ण दाबली गेली, की इंजिन आणि गिअरबॉक्स एका वेगाने फिरतात आणि प्लेट झिजत नाही. अर्ध्या क्लचवर गाडी धरली, की इंजिन पुढे पळते, गिअरबॉक्स मागे राहतो, आणि मधल्या फरकाची घासून आग होते. ओझे जितके जास्त, तितका घसरण्याचा वेळ जास्त आणि आगही जास्त. पेडलवर नुसता पाय टेकवून चालवणाराही हेच करतो, फक्त हळूहळू.

मुळशीत आता बंगलेवाल्यांच्या दारात आपोआप गिअर बदलणारे पिकअप दिसतात. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स या गाड्या अशा गिअरबॉक्ससह मिळतात. उद्या त्या जुन्या बाजारातून आपल्याही दारात येतील, आणि क्लचचे पेडल नाही म्हणजे जळायला काही नाही, असे कोणीतरी सांगेल. तेही खोटे. तिथे क्लचचे काम तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर करतो. इंजिन तेल फिरवते आणि तेल गिअरबॉक्सला फिरवते. मागे ट्रॉली जोडून चढावर रांगत गेले, की तेलच घुसळून तापते. कारागिरांचा ठोकताळा असा, की नेहमीच्या तापमानाच्या वर दर १० अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. नवे तेल बहुधा लालसर असते. ते तपकिरी झाले आणि करपल्याचा वास आला, तर आतले क्लच जळायला लागले असे समजा.

अशा गाडीला ट्रॉली जोडायची असेल, तर गाडीच्या पुस्तकात ओढायचे वजन किती लिहिले आहे ते आधी वाचा. चढावर गिअर सारखा वरखाली होऊ लागला, तर हाताने खालचा गिअर धरून ठेवा. उतारालाही खालचाच गिअर. ओझे नेहमीचे असेल, तर गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर बसवा आणि पुस्तकातल्या मुदतीआधी तेल बदला. उतारावर थांबताना आधी पायाचा ब्रेक, मग न्यूट्रल, चाकांना दगड, हातब्रेक, आणि सगळे ओझे हातब्रेकवर बसल्यावर शेवटी पी. सरळ पी मध्ये टाकले, तर सारी गाडी आणि ट्रॉली गिअरबॉक्समधल्या बोटभर खुंटीवर लटकते. पावसाळ्यात पर्यटकाची अशी गाडी बंद पडली, तर चाके जमिनीवर ठेवून तिला ट्रॅक्टरने दूरवर टोचन करू नका. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही, आणि आतले भाग कोरडे घासतात.

रांग क्लच खाते

एकाधिकार कापूस खरेदी १९७२ साली सुरू झाली, तेव्हापासून खरेदी केंद्रांसमोरच्या बैलगाड्यांच्या रांगा आपल्या वाडवडिलांनी पाहिल्या. बैल रांगेत उभा राहिला तर कडबा खातो. ट्रॅक्टर रांगेत सरकत राहिला तर क्लच खातो. जिनिंगच्या फाटकाबाहेर दहा फूट सरका, थांबा, पुन्हा दहा फूट सरका, हे भरल्या ट्रॉलीसह दिवसभर करणे म्हणजे प्लेट तव्यावर भाजणे. शेतापासून केंद्रापर्यंतच्या वाटेत जी झीज होत नाही, ती शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात होते.

२०२५ साली भारतीय कापूस महामंडळाने 'कपास किसान' ॲप काढून खरेदीची वेळ आधी नोंदवण्याची सोय केली. सोय चांगली. पण दिलेल्या वेळेला माप झाले तरच तिला अर्थ आहे. वेळ देऊनही फाटकाबाहेर उभे करायचे असेल, तर त्या तासांचे भाडे कोणी द्यायचे?

आता आपल्या घरातले

दुसऱ्याला बोल लावला, आता स्वतःकडे पाहू. ट्रॉलीला फळ्या वाढवून चार खेपांचा माल तीन खेपांत नेणारा आपल्याकडे हुशार समजला जातो. समजा, अशा वागण्याने हंगामात दोन खेपा वाचल्या आणि खेपेला ८०० रुपयांचे डिझेल वाचले. वर्षाला १,६०० रुपये. आठ वर्षांत १२,८०० रुपये. आठ वर्षे टिकणारा क्लच चार वर्षांत गेला आणि कामाचे बिल २४,००० रुपये झाले, तर हुशारीत ११,२०० रुपयांचा खड्डा पडला. ऐन वेचणीत ट्रॅक्टर गॅरेजमध्ये पडला, ते दिवस वेगळे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे ते बिल जवळजवळ ३ क्विंटल कापसाचे. हे आकडे आम्ही समजुतीसाठी धरले आहेत. तुमच्या बिलाचे आकडे घाला आणि स्वतः मांडून पाहा.

कायद्याचे वेगळेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड लिहिला आहे. पाणंदीचा चिखल मात्र कोणत्याही कायद्यात बसत नाही.

आणि ट्रॉली थांबवायची कोणी? आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. दोन टनांचा ट्रॅक्टर मागच्या सहा टनांना अडवतो. अशा वेळी डिझेल वाचवायला उताराला न्यूट्रल मारणारा वाचवतो पावशेर डिझेल, आणि पणाला लावतो जीव. एकदा वेग धरला, की गिअर पुन्हा पडत नाही आणि ब्रेक तापून धरत नाहीत.

म्हणून हे नियम घरातल्या प्रत्येक पोराला पाठ हवेत:

चढ किंवा उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्या, मधेच बदलू नका. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

चढावर थांबलात तर ब्रेकवर थांबा, अर्ध्या क्लचवर तोलून धरू नका. रांगेत दहा-दहा फूट सरकू नका. पुढे चांगली जागा होऊ द्या, मग एकदाच जा.

रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल खिटीने एकत्र जोडा. एकाच चाकाला ब्रेक लागला, तर भरली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे पाडते.

ट्रॉली खालच्या हुकालाच जोडा. वर जोडली, तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते.

क्लच पेडलची मोकळी हालचाल आणि गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी हंगामाआधी पुस्तकाप्रमाणे तपासा. भुईकाट्यावर एकदा तरी भरली ट्रॉली तोलून घ्या, म्हणजे किती फळ्यांपर्यंत किती टन होतात ते कळेल. ओला कापूस आणि कोरडा कापूस सारखाच उंच दिसतो, वजन सारखे नसते.

मागायचे काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स, क्लच अशा सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. म्हणजे त्याआधीची कित्येक वर्षे आपण जळालेल्या प्लेटवरही १८ टक्के मोजत होतो, आणि व्यापाऱ्याप्रमाणे तो कर परत मागायची सोय आपल्याला नव्हती. आता गावच्या दुकानदाराकडून पक्के बिल घ्या, आणि कमी झालेला कर किमतीत उतरला का ते तपासा.

पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ साली मातोश्रींच्या नावाने योजना काढली. आपल्या गावाची कोणती पाणंद त्यात धरली आणि कोणती राहिली, हे ग्रामसभेत विचारा. मुरमाची एक पाणंद गावातल्या सगळ्या ट्रॅक्टरांचे क्लच वाचवते. हे भीक मागणे नव्हे. आठशे किलोची ओढ दोनशेवर आणणे म्हणजे शेतीमालाचा वाहतूक खर्च कमी करणे, आणि तो खर्च आज एकटा शेतकरी उचलतो आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गेल्या तीन हंगामांत किती ट्रॅक्टरांचे क्लच आणि गिअरबॉक्स उघडले, बिल किती झाले, आणि खरेदी केंद्रावर किती तास रांगेत गेले, एवढेच त्यावर लिहा. उत्पादनखर्चाची चर्चा निघाली, की आपल्याला बी, खत आणि औषध एवढेच आठवते. यंदा क्लचही लिहायचा. जो खर्च आपण लिहीत नाही, तो आपल्याला कोणी देत नाही.