टँकर ६० किलोमीटरवर, तरी रेडिओ गप्प का?

‘डीसीएस वर्ल्ड’सारख्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये नवख्या खेळाडूंना हा प्रश्न हमखास पडतो. इंधन संपत आलेलं असतं, नकाशावर टँकर जवळच दिसतो, पण हाक मारली तर उत्तरच येत नाही. गेम बिघडला, असं वाटतं. बहुतेकदा तसं नसतं.

विमानांतले व्हीएचएफ आणि यूएचएफ रेडिओ जवळपास सरळ रेषेत चालतात. मध्ये पृथ्वीची वक्रता किंवा डोंगर आला की संपर्क तुटतो. म्हणून इथे अंतरापेक्षा उंची महत्त्वाची. दोन्ही विमानं ९,००० मीटरवर असतील, तर रेडिओ क्षितिजाची मर्यादा सुमारे ७८० किलोमीटर येते. तुम्ही १०० मीटरवर उतरलात की तीच ४३० च्या आसपास. सपाट प्रदेशात तेवढीही पुरे. पण कॉकेशसच्या दरीत शत्रूच्या रडारपासून लपला असाल, तर ज्या डोंगराने तुम्हाला वाचवलं, तोच टँकरचा आवाजही अडवतो. अवॅक्स विमानं उंचावरून उडतात तीही यासाठीच. त्यांच्या रडारलाही हाच नियम लागू आहे.

मग करायचं काय? आधी उंची घ्या. तरीही शांतता असेल, तर फ्रिक्वेन्सी तपासा. पुष्कळदा चूक तिथेच निघते. आणि हो, चढाईला लागणारं इंधन राखून ठेवा.