पर्थचा आला, पारोळ्याचा कुठे आहे?

ढाक्यात 18 नोव्हेंबर 2025 रोजी भारताचा फुटबॉल संघ बांगलादेशकडून 0-1 असा हरला. बांगलादेशने आपल्याला हरवलं ते तब्बल 22 वर्षांनी. आशिया कपची वाट त्याआधीच बंद झाली होती. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरने आपल्याला 2-1 ने घरी बसवलं होतं. तरी ढाक्याचा पराभव जास्त झोंबला. मग जळगावच्या सागर पार्कवर संध्याकाळी बसणाऱ्या आम्हा निवृत्तांपासून थेट दिल्लीपर्यंत एकच सूर लागला : त्यांच्याकडे इंग्लंडच्या लेस्टरकडून खेळणारा हमझा चौधरी आहे, आपणही परदेशातले भारतीय आणा.

आणा की. माझी हरकत नाही. पण आधी तो सामना नीट आठवा. गोल केला शेख मोरसालिनने, अकराव्या मिनिटाला, आणि हा पोरगा बांगलादेशातल्याच क्लबात वाढलेला. हमझाने काय केलं? गोली जागेवर नसताना आपल्या छांगतेने मारलेला चेंडू डोक्याने बाहेर काढला. गोल घरच्याने केला, वाचवला लेस्टरवाल्याने. आपल्याकडे चर्चा झाली ती फक्त दुसऱ्याची. मी आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली, आधी धुळ्याला, नंतर जळगावला. त्यामुळे पहिल्याकडे कुणी का बघत नाही, हा प्रश्न मला जास्त छळतो.

आपला बाहेरचा माणूस त्या रात्री ढाक्यातच होता. रायन विल्यम्स. जन्म पर्थचा, इंग्लंडमध्ये फुलहॅम, पोर्ट्समथ अशा क्लबांत खेळलेला, 2019 मध्ये ऑस्ट्रेलियासाठी एक मैत्रीपूर्ण सामनाही खेळलेला, आणि 2023 पासून बेंगळुरू एफसीत. त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला. पण कागद वेळेत पोचला नाही म्हणून त्याला मैदानात उतरता आलं नाही. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. आजोबा लिंकन ग्रोस्टेट पन्नासच्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळले. म्हणजे नातू आजोबांच्या मैदानावर परत आला, इतकंच. भुसावळकरांना यात काही नवल वाटणार नाही. माझे वडील लोको शेडला होते. रेल्वे कॉलनीत तेव्हा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची घरं होती. त्यातली बरीच पुढे ऑस्ट्रेलियाला गेली. वडिलांनी पायात घातलेला पहिला फुटबॉलचा बूट अशाच एका घरून उतरलेला होता, दोन नंबर मोठा, पुढे कापडाचा बोळा कोंबलेला.

आता कायद्याचं. भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा, हा केंद्राचा नियम 2008 पासूनचा. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. हा नियम काढा, परदेशस्थ भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर खेळू द्या, अशी मागणी प्रत्येक पराभवानंतर होते. मी नियमाच्या बाजूने आहे. ज्याला खेळायचंय तो अडत नाही, हे आपण महाराष्ट्रातच पाहिलंय. अराता इझुमी जपानमधल्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील गुजराती. तो पुणे एफसीत खेळला, 2012 मध्ये जपानी पासपोर्ट सोडला आणि 2013 मध्ये भारताच्या जर्सीत उतरला. नीलकंठ हे त्याचं भारतीय नाव. अराताने केलं, रायनने केलं. दोघंही आधी इथल्या लीगमध्ये घाम गाळून मग संघात आले, हे माझ्या दृष्टीने पासपोर्टाहून मोठं. वर्षातून दोनदा विमानाने येऊन जर्सी चढवणारा आणि बालेवाडीच्या उन्हात सराव करणारा यात फरक राहायलाच हवा.

आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई देवी बसते. सुरत, उधना, पुणे, जिथे कुठे भाऊबंद पोटासाठी गेलेत तिथून ते गावी येतात. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावे सव्वा मूठ गहू काढतात, त्यात सुरतेच्या लूमवर काम करणाऱ्याचंही नाव असतं. तो बाहेरचा का आतला, असं कुणी विचारत नाही. पण त्याने यायचं असतं, पंगतीला बसायचं असतं आणि नंतर भांडीही उचलायची असतात. संघाचंही एवढं साधं ठेवावं.

या वादात आफ्रिकेने आपल्याहून कितीतरी जास्त वर्षं डोकं फोडून घेतलंय. आपण फक्त निकाल बघतो. 2002 च्या वर्ल्ड कपमध्ये सेनेगलने पहिल्याच सामन्यात जगज्जेत्या फ्रान्सला 1-0 हरवलं. त्यांचे जवळजवळ सगळे खेळाडू फ्रान्सच्याच लीगमध्ये खेळत होते आणि प्रशिक्षक ब्रुनो मेत्सूही फ्रेंच. त्यातून अनेकांनी धडा घेतला की युरोपात खेळणारे गोळा करा, युरोपचा कोच आणा, झालं. मग 2013 मध्ये नायजेरियाच्या स्टीफन केशीने उलट केलं. त्याने घरच्या लीगमधली पोरं संघात घेतली, त्यावरून टीका सोसली, आणि आफ्रिका कपच्या अंतिम सामन्यात बुर्किना फासोविरुद्ध एकमेव गोल केला तो संडे म्बाने. तो नायजेरियातल्याच वॉरी वुल्व्हजचा खेळाडू. केशी स्वतः तरुणपणी बेल्जियममध्ये खेळून मोठा झालेला. त्याने दोन्हीकडचं पाणी चाखलं होतं.

पण माझा आवडता दाखला मोरोक्कोचा. 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये त्यांच्या 26 जणांपैकी 14 जण देशाबाहेर जन्मलेले. हकिमी माद्रिदचा, झियेश नेदरलँड्सचा, गोली बुनू कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा. आपले लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, परदेशातली पोरं आणली की उपांत्य फेरी. थांबू नका, पुढे बघा. पोर्तुगालला घरी पाठवणारा तो हेडर कुणाचा? एन-नेसिरीचा. जन्म फेसचा, घडला राजधानी रबातजवळच्या मोहम्मद सहावे अकादमीत. त्याला क्रॉस दिला कुणी? अत्तियत-अल्लाहने, जो तेव्हा कॅसाब्लांकाच्या विदाद क्लबातच खेळत होता. शेवटी पोर्तुगालला अडवून धरलं मॉन्ट्रियलच्या बुनूने. प्रशिक्षक वालिद रेग्रागी जन्माने फ्रान्सचा, पण त्याच वर्षी विदादला आफ्रिकेतल्या क्लबांचा सर्वोच्च चषक जिंकून देऊन मग राष्ट्रीय संघाकडे आलेला. त्या वर्ल्ड कपमध्ये आफ्रिकेच्या पाचही संघांचे कोच आफ्रिकीच होते, आणि हे पहिल्यांदाच घडलं.

आफ्रिकेत फक्त घरच्या लीगमध्ये खेळणाऱ्यांची एक वेगळी स्पर्धाही आहे. चान म्हणतात तिला, 2009 मध्ये ती सुरू झाली. युरोपात खेळणारा कितीही मोठा असो, तिथे त्याला प्रवेश नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडात ती झाली. अंतिम सामन्यात मोरोक्कोने मादागास्करला 3-2 हरवून तिसऱ्यांदा चषक नेला. हकिमीसारखे खेळाडू असलेला देश हकिमीशिवायही जिंकतो. पर्थचे किंवा लेस्टरचे खेळाडू मागायचा हक्क अशा देशाला शोभतो. आपली लीग मात्र 2025 च्या जुलैत करारावरून अडली आणि वर्ष संपलं तरी सुरू झाली नव्हती. राष्ट्रीय संघाचे खेळाडू लीगच्या सामन्यांविना बसून होते. त्याआधीची कथाही वेगळी नाही : बहुतेक क्लब गोल करायला परदेशी माणूस ठेवतात, म्हणून निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिशीत 2025 च्या मार्चमध्ये परत बोलवावं लागलं.

कोचबद्दल मी फार लांबण लावत नाही. 1951 आणि 1962 ची एशियाडची सुवर्णं आणि 1956 च्या ऑलिम्पिकचं चौथं स्थान हे सगळं सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली झालं. रहीमसाहेब हैदराबादचे शाळामास्तर. (आम्हा पी.टी.वाल्यांना कुणी कमी लेखलं की मी हे नाव काढतो.) अलीकडे मात्र ह्यूटन, कूवरमन्स, कॉन्स्टंटाईन, स्टिमॅक, मार्केझ अशी परदेशी कोचची रांग लागली. अखेर ऑगस्ट 2025 मध्ये 170 अर्जांतून खालिद जमीलला निवडलं. 2012 मध्ये गोव्याचे सावियो मेदेरा गेले, त्यानंतर पहिला भारतीय. खालिदचा जन्म कुवेतचा, कर्मभूमी मुंबई. सात वर्षं मुंबई एफसी सांभाळून तो ऐझॉलला गेला, मुंबईचा जयेश राणे तिथे त्याच्याकडे खेळला, आणि 2017 मध्ये मिझोरामच्या त्या छोट्या क्लबने मोहन बागानला मागे टाकून आय-लीग जिंकली. 2025 च्या सप्टेंबरात त्याने भारताला ओमानविरुद्ध पेनल्टीवर जिंकवून मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसरं स्थान मिळवलं. मग मडगाव आणि ढाका झालं. तरी त्याला काढू नये असं माझं मत. त्याला ऐझॉलच्या मैदानावरचा पोरगा ओळखू येतो, आणि परदेशी कोचला तो ओळखायलाच दोन वर्षं लागतात.

पण खालिदला आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याचा पोरगा कसा दिसणार? सामान्य वाचकाला आमची शिडी माहीत नसते, म्हणून सांगतो. शाळेचा संघ आधी तालुक्याला खेळतो, मग जिल्ह्याला, मग नाशिक विभागाला, मग राज्याला. सुब्रतो चषक असेल तर शेवटी राष्ट्रीय फेरी. राज्यापर्यंत सगळं बाद पद्धतीने. एक सामना हरला की वर्ष संपलं. आणि हे सामने कधी? जुलै-ऑगस्टमध्ये. खान्देशची काळी कापसाची माती पावसात कशी होते, हे धुळ्याच्या किंवा जळगावच्या माणसाला सांगायला नको. बुटाला किलोभर चिखल चिकटतो, चेंडू जिथे पडतो तिथेच रुततो. त्या मैदानावर धिप्पाड पोरगा जिंकतो. चेंडू पायात खेळवणारा, मान वर करून पास बघणारा पोरगा त्या चिखलात कुणालाच दिसत नाही.

असा एक पोरगा माझ्याकडे होता. डावा पाय, डोळे सतत आजूबाजूला. विभागाला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. दहावीनंतर त्याचं अख्खं घर सुरतेला गेलं, लिंबायतमध्ये राहतात ते. तो कारखान्यांच्या स्पर्धेत खेळतो म्हणे. मागे गावी आला तेव्हा मोबाईलवर रायनचा व्हिडिओ दाखवत मला विचारत होता, "सर, हाऊ आपला शे का?" मी म्हटलं, आपलाच. मनात मात्र आलं की तू कुणाचा, हे विचारायला अजून कुणी आलेलं नाही. गुजरातच्या कागदावर तो महाराष्ट्राचा, महाराष्ट्राच्या यादीत तो नाहीच.

खरं सांगायचं तर आमच्या दृष्टीने मुंबईचा पोरगाही परदेशीच. मोठ्या क्लबांची निवड चाचणी मुंबईत किंवा पुण्यात. भुसावळहून मुंबई साडेचारशे किलोमीटर, सकाळी आठला मैदानावर हजर व्हायचं, सोबत बाप हवा, बापाची मजुरी बुडते. वीस मिनिटं खेळवतात आणि नाव लिहून घेतात. पर्थच्या खेळाडूसाठी खटाटोप करणाऱ्यांचं कौतुकच आहे. त्याच खटाटोपाचा छोटासा भाग तापीकाठी वळवला तर फुटबॉलचं वाईट होणार नाही.

म्हणून नेमकं मागतो. चौदा आणि सतरा वर्षांखालच्या शाळांचे सामने दिवाळीनंतर घ्या, जमीन कोरडी असताना. बाद पद्धत बंद करून साखळी ठेवा, निदान आठ सामने प्रत्येकाला मिळू देत. कापूस वेचणीत रविवारी पोरं मिळत नाहीत, तेव्हा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर खेळवा. आणि राज्याच्या निवडकर्त्यांनी हिवाळ्यात एक शनिवार भुसावळला, एक धुळ्याला यावं. त्यांच्या भाड्याचं जिल्हा नियोजनच्या क्रीडा निधीतून जमवायला आम्ही पालकमंत्र्यांच्या दारात बसू. जेवणाची काळजी करू नये. त्या दिवसांत बामणोदची वांगी आलेली असतात, भरीत-पुरीचं आम्ही बघून घेऊ.