मुक्कामाचा धर्म

दिवाळी आटोपली आणि हवेत गारवा आला, की शहरातील मंडळींना सह्याद्रीची ओढ लागते. शनिवारी दुपारपासूनच पाठीवर पिशव्या चढतात, मोटारींत तंबूंची बोचकी भरली जातात, आणि रात्र पडेपर्यंत पवनेच्या जलाशयाकाठी, भंडारदऱ्याच्या परिसरात, राजमाचीच्या पठारावर वा हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर राहुट्यांची रांग उभी राहते. गेल्या काही वर्षांत ही हौस फार वाढली आहे, आणि तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. ज्या पिढीचा सारा दिवस चार भिंतींच्या आत, डोळ्यांपुढील पडद्याकडे पाहण्यात जातो, तिला उघड्या आभाळाखाली एक रात्र काढावीशी वाटावी, हे तिच्या मनाच्या आरोग्याचेच लक्षण होय. कातळावर पाठ टेकून मृग नक्षत्र पूर्वेकडून वर चढताना पाहणे, पहाटे दरीतून उसळणारे धुके अंगावर घेणे, हेही एक शिक्षणच आहे. आणि ते कोणत्याही शाळेच्या वर्गात देता येत नाही.

परंतु रविवारी दुपारी ही मंडळी परतल्यावर त्या जागी जे उरते, ते पाहून मन खिन्न झाल्यावाचून राहत नाही. तीन काळे पडलेले दगड, अर्धवट जळालेली लाकडे, खाद्यपदार्थांची चकचकीत पाकिटे, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, आणि झुडपांत भिरकावून दिलेल्या मद्याच्या बाटल्यांच्या काचा, हा त्या आनंदोत्सवाचा शेष असतो. त्या काचा दुसऱ्या दिवशी गुराख्याच्या अनवाणी पायात शिरतात. ती पाकिटे मिठाच्या चवीला भुललेल्या गाई-म्हशींच्या पोटात जातात. उष्ट्याखरकट्यावर मोकाट कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या वस्तीच्या अधिक जवळ येतो. शहरातील पाहुणा एका रात्रीचा. त्याने मागे ठेवलेल्या गोष्टींशी गावाला मात्र वर्षभर नांदावे लागते.

हे सारे दुष्ट बुद्धीने घडते, असे आम्ही म्हणत नाही. स्वतःच्या घरी चहाचा थेंब सांडला तरी लगबगीने फडके आणणारी माणसेच येथे बेफिकीर होतात. याचे कारण शोधू गेल्यास एक भ्रामक समजूत हाती लागते. ती ही की, रान हे कोणाचेच नाही. वस्तुतः सह्याद्रीत बेवारस अशी वीतभर जमीनही सापडणार नाही. सपाट आणि तंबूला सोयीची म्हणून जी जागा आपण निवडतो, ती बहुधा कोणा शेतकऱ्याचे भाताचे खाचर असते. हिरवळ दिसते ते गावाचे गायरान असते. झाडोरा दिसतो ते वनखात्याचे राखीव जंगल असते, नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड न लागलेली देवराई असते. आपण जेथे उतरतो तेथे कोणाच्या तरी घरी उतरतो, हे एकदा मनात पक्के ठसले, म्हणजे पुढील पुष्कळशा गोष्टी न सांगताच कळतील.

मुक्काम करण्याची विद्या आपल्या देशाला नवी नाही. पावसाळा सरला, की धनगर आपल्या मेंढरांचे कळप घेऊन शेकडो कोस भटकावयास निघतो. त्याचा सारा संसार घोड्याच्या पाठीवर असतो आणि रोजची रात्र परक्याच्या जमिनीवर जाते. तरीही शेतकरी त्याला हाकलून देत नाही. उलट धान्य देऊन आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतो. कारण कळप पुढे गेल्यावर त्या जमिनीत लेंडीखत राहते आणि येणारे पीक जोमदार येते. धनगर आधी विचारतो, ठरलेल्या जागी उतरतो, आणि निघताना ती जमीन अधिक सकस करून जातो. ज्याला पदवी नाही, शिबिराचे प्रशिक्षण नाही, त्याने पाळलेला हा धर्म आहे. शिकल्या-सवरल्या शहरवासीयाकडून त्याच्या निम्म्याने तरी अपेक्षा करावी की नाही?

आता एकेका गोष्टीचा विचार करू. पहिली गोष्ट अग्नीची. शेकोटीवाचून रानातील रात्र अपुरी वाटते, हे आम्ही जाणतो. परंतु सह्याद्रीतील गवत दिवाळीनंतर वाळू लागते आणि फाल्गुन-चैत्रात त्याचे अक्षरशः कोळपलेले सरपण होते. वणव्याला अडविण्यासाठी वनखाते आधीच जाळरेषा आखून ठेवते. त्या साऱ्या खटाटोपावर एक बेपर्वा शेकोटी पाणी फिरवू शकते. रात्री विझल्यासारखी दिसणारी राख आत सकाळपर्यंत धगधगत असते, आणि दुपारचा वारा सुटला म्हणजे तीतील एक ठिणगी पुरते. वणवा केवळ गवत जाळीत नाही. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरपटणारे जीव, नुकती रुजलेली रोपे आणि गावाने गुरांसाठी राखलेले गवत, हे सारे तो एका रात्रीत गिळतो. आणि उघड्या पडलेल्या उतारावरील माती पुढच्या आषाढात वाहून जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटविणे वा पेटती ठेवून जाणे निषिद्ध मानले आहे. राखीव जंगलांसाठी १९२७ चा वन कायदा आहेच. म्हणून जेथे परवानगी नाही तेथे शेकोटी पेटवूच नये. जेथे आहे तेथे ती लहान असावी, सरपण गावातून विकत घ्यावे, आणि निजण्यापूर्वी राखेवर पाणी ओतून, ती ढवळून, हाताला ऊब लागत नाही अशी खात्री करून घ्यावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. ज्या पवनेच्या काठावर तंबू पडतात, तिचे पाणी पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पिण्यासाठी जाते. म्हणजे काठावर घाण करणारा कित्येकदा आपल्याच नळात ती सोडीत असतो. गडांवरील खोदीव टाक्यांची कथा याहून दुःखद आहे. शेकडो वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने कातळ फोडून कोरलेली ही टाकी आजही वाटसरूची तहान भागवितात. त्यांत साबणाने भांडी विसळणे, अथवा पाय सोडून बसणे, हा त्या अज्ञात पाथरवटांचा आणि मागाहून येणाऱ्या तहानलेल्याचा अपराध आहे. ज्या सह्याद्रीवर आषाढ-श्रावणात अतोनात पाऊस कोसळतो, त्याच्याच कुशीतील वाड्यांवर वैशाखात बायाबापड्या हंडा घेऊन पायपीट करतात, हे ज्याने पाहिले आहे, त्याच्या हातून असे होणार नाही. भांडी घासावयाची ती पाणी बाहेर काढून, झऱ्यापासून लांब नेऊन. देहधर्मासाठीही पाण्यापासून आणि पायवाटेपासून सत्तर-ऐंशी पावले दूर जावे, वीतभर खोल खड्डा करावा आणि तो मातीने बुजवावा. विषय संकोचाचा खरा. परंतु संकोचामुळे जी गोष्ट कोणी बोलत नाही, तिचेच परिणाम गावाला भोगावे लागतात.

तिसरी गोष्ट प्रकाशाची आणि आवाजाची. मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या सरींच्या तोंडावर, भंडारदऱ्याच्या परिसरातील झाडे काजव्यांनी लखलखू लागतात. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. ते तेज पाहण्यासाठी हजारो लोक लोटतात. पण ते तेज कशासाठी आहे, याची चौकशी थोडेच करतात. काजवा आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ अळीच्या रूपात ओलसर मातीत, पालापाचोळ्याखाली, गोगलगाईंसारखे जीव खाऊन काढतो. पंख फुटल्यावर त्याला मिळतात ते केवळ काही दिवस. त्या अवधीत नर चमकून साद घालतो, आणि अनेक जातींत मादी गवतातून वा पानाआडून चमकूनच प्रतिसाद देते. मोटारींचे झगझगीत दिवे, विजेऱ्या आणि दूरध्वनियंत्रांच्या चकाकत्या पडद्यांपुढे ही साद दिसेनाशी होते. झाडाखाली ठोकलेल्या तंबूंनी आणि हजारो पावलांनी मातीतील पुढची पिढी तुडविली जाते. ज्या सौंदर्याच्या दर्शनास जावयाचे त्याचाच वंश बुडवून यावयाचे, असा हा विलक्षण भक्तिभाव आहे. ध्वनिवर्धकांविषयी तर बोलावयासच नको. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ते वाजवू नयेत, असा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. आणि तो शहराची वेस ओलांडताच संपत नाही. पहाटे उठून शेतावर जाणाऱ्या माणसाची झोप ही शहरवासीयाच्या करमणुकीपेक्षा कमी मोलाची नाही.

चौथी गोष्ट गडांची. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांपैकी तामिळनाडूतील जिंजी वगळता उरलेले अकरा महाराष्ट्रात आहेत. त्या दिवशी आपण सर्वांनी अभिमानाने माना उंचावल्या, आणि ते योग्यच झाले. परंतु अभिमान हा घोषणेने सिद्ध होत नाही, वर्तनाने होतो. पडक्या जोत्यांतील दगड उपसून चूल मांडणे, लेण्यांच्या छताला धुराची काजळी चढविणे, दरवाजाच्या कमानीवर आपले नाव कोरणे, आणि वर जयघोष करणे, ही महाराजांच्या स्मृतीची पूजा नव्हे, विटंबना होय. संरक्षित वास्तूच्या आवारात रात्री राहण्यास मनाई असेल, तर ती निमूटपणे पाळावी आणि पायथ्याच्या गावात उतरावे. पहाटे चढून गेल्याने गडाची थोरवी उणी होत नाही.

यावर काही जण म्हणतील, की आम्ही पैसे मोजतो आणि त्यामुळे गावाला रोजगार मिळतो. हे खरे आहे, आणि आम्ही ते नाकारीत नाही. डोंगरातील जी घरे एका भातपिकावर आणि मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पिढ्यान्‌पिढ्या तगली, त्यांना झुणका-भाकरीच्या आणि वाटाड्याच्या कामाच्या रूपाने चार पैसे मिळू लागले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पैशाने जागा आणि जेवण मिळते. झरा नासविण्याचा वा रान पेटविण्याचा हक्क मिळत नाही. किंबहुना गावाची ही नवी उपजीविका टिकावी असे ज्याला वाटते, त्यानेच जागा जपली पाहिजे. उकिरडा पाहावयास दुसऱ्या वर्षी कोण येईल?

दोषाचे सारे ओझे पाहुण्यांच्या माथी मारणेही न्याय्य होणार नाही. जागेची कुवत न पाहता एकेका पठारावर शेकडो तंबू ठोकणारे आयोजक, शौचकूपाची सोय न करता भाडे वसूल करणारे जागामालक, आणि कचरा उचलण्याची व्यवस्था न लावता केवळ प्रवेशशुल्काच्या पावत्या फाडणाऱ्या यंत्रणा, यांचाही यात वाटा आहे. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची अपेक्षा व्यक्त केली. ती कागदावर न राहता, नोंदणी नाही तर तंबू नाही, इतकी ती स्पष्ट व्हावी. प्रत्येक जागी किती राहुट्या मावतील, याची मर्यादा ग्रामसभेला विचारून ठरवावी, आणि शुल्कातील ठरावीक भाग त्याच गावाच्या स्वच्छतेसाठी खर्च व्हावा.

तथापि कायद्याला आणि शिपायाला मर्यादा आहेत. प्रत्येक झऱ्यापाशी पहारेकरी उभा करता येत नाही. अखेर प्रश्न संस्काराचा आहे, आणि संस्कार लहानपणीच होतात. इंग्लंडमध्ये १९५१ साली ग्रामीण प्रदेशात जाणाऱ्यांसाठी एक साधी आचारसंहिता तयार झाली. आगीपासून सावध असा, फाटके लावून घ्या, कचरा टाकू नका, पाणी स्वच्छ ठेवा, अशी तिची कलमे होती; शाळकरी मुलालाही समजावीत इतकी ती सोपी होती. आपल्याकडे स्काउटच्या आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत हे शिक्षण मिळते. परंतु ते मूठभर मुलांपर्यंतच पोहोचते. अध्यापनाच्या आमच्या अल्प अनुभवावरून आम्ही सांगू शकतो, की सहलीच्या जागेवरून निघताना मुलांना रांगेत उभे करून शेवटचा कागद उचलावयास लावला, की त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही, खेळ वाटतो. आणि पुढच्या सहलीत तीच मुले शिक्षकांना आठवण करून देतात. प्रत्येक शाळेने वर्षातून एक रात्र मुलांना शिस्तीने रानात न्यावे. दहा व्याख्यानांनी जे साधत नाही, ते त्या एका रात्रीत साधेल.

थंडीचे दिवस सुरू झाले आहेत, आणि पुढील शनिवारी आमचे कितीतरी वाचक डोंगराची वाट धरतील. त्यांनी अवश्य जावे. जाताना पिशवीत एक रिकामी पोती टाकावी आणि येताना ती भरून आणावी. गावात शिरल्यावर पहिल्या भेटलेल्या वडीलधाऱ्याला, 'काका, कोठे उतरू?' एवढे विचारावे. अंधार झाल्यावर आवाज खाली आणावा. आणि तंबू उतरविल्यावर त्या जागेवरून एकदा सावकाश फिरून पाहावे. दबलेल्या गवताखेरीज आपल्या मुक्कामाची कोणतीही खूण तेथे दिसली नाही, तर ते गाव पुढच्या खेपेस तुम्हांला परके मानणार नाही.